तारीख नसलेली ओळ

सातची यादी आली नव्हती, म्हणून स्वतः एंटर दाबल्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि चहाच्या कपाकडे निघालेला ताईंचा हात वाटेतच थांबला. गेले काही दिवस निमूटपणे चाललेली स्क्रिप्ट आज अडून बसली होती. साहेबांना साडेनऊला यादी हवी असते, आणि साहेबांचं साडेनऊ म्हणजे साडेनऊ. ताईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि लाल अक्षरं एकेक करून वाचून काढली. सांगणं एवढंच होतं, की या जागी तारीख यायला हवी होती, ती आली नाही. तिच्याऐवजी 'नमस्कार' आला.

"कसला नमस्कार?" ताई पडद्यालाच म्हणाल्या.

ताई एका कर सल्लागाराच्या कचेरीत हिशेबनीस होत्या. कचेरीत सगळे त्यांना ताई म्हणत, साहेबसुद्धा, आणि साहेब त्यांच्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे होते. भाडं परवडेना म्हणून साहेबांनी कचेरीची जागा सोडली आणि जो तो आपापल्या घरी बसून काम करू लागला. ताईंकडे आलेलं काम किचकट होतं. साहेबांच्या अशिलांकडे निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर होते. कुठली कंपनी शेअरमागे किती लाभांश देणार आहे आणि तो मिळायला कुठल्या तारखेपर्यंत आपलं नाव कंपनीच्या दप्तरी असलं पाहिजे, हे रोज सकाळी पाहून तक्त्यात उतरवायचं. एक टिंब इकडचं तिकडे झालं की संपलंच. ताई ते डोळ्यांत तेल घालून करत. त्यात रोजचा एक तास जाई.

मग त्यांनी कधीतरी व्हिडिओ बघून बघून स्क्रिप्ट लिहायला शिकून घेतलं. पन्नाशी उलटल्यावर. स्क्रिप्ट म्हणजे तरी काय, संगणकाला दिलेली कामांची यादी. अमक्या पानावर जा, तक्ता वाच, कंपनीचं नाव घे, रक्कम घे, तारीख घे, माझ्या फाईलमध्ये आणून ठेव. अवघ्या चाळीसेक ओळी, पण त्या लिहिताना ताईंना दोन महिने घाम फुटला होता. मोठमोठ्या साइटींचा उपयोग झाला नाही. तिथे जाहिराती उड्या मारत येत, वर्गणी मागत, आणि तुम्ही माणूस आहात का म्हणून विचारत. शेवटी शोधता शोधता ताईंना एक साधंसुधं पान सापडलं. वर 'आजचे लाभांश' एवढंच लिहिलेलं आणि खाली करड्या रेघांचा एक तक्ता. कोण चालवतं याचा पत्ता नाही, पण आकडे बिनचूक. ताईंनी स्क्रिप्टला तेच पान दाखवून दिलं. बाजाराच्या दिवशी रोज सकाळी सातला ती आपली आपण जायची आणि ताईंचे दात घासून होईपर्यंत यादी तयार असायची.

आता त्या तक्त्यात कुणीतरी नमस्कार घुसवला होता. ताईंनी पान उघडून बघायची तसदीही घेतली नाही. असेल काहीतरी जाहिरातीचं. त्यांनी स्क्रिप्टमध्ये एक नवी ओळ घातली: जिथे तारीख नाही, ती ओळ सोडून दे. पुन्हा एंटर दाबलं. यादी मुकाट्याने आली. ताईंचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ, खोटं कशाला बोला, छातीही थोडी फुगली. चूक झाली, आपण शोधली, आपणच निस्तरली. कुणाला न विचारता.

असं काही झालं की माणसाला ते कुणालातरी सांगावंसं वाटतं. ताईंनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, बरं बरं, यादी पाठवलीत ना. धाकट्या भावाला लावला, तर तो म्हणाला की सगळं मशीनच करायला लागलं तर तुला पगार कशाचा देतील, बघ हं. समोरच्या दारातली शेजारीण कुलूप लावत होती, तिला थांबवून सांगितलं. ती म्हणाली, अगंबाई, मग आता तुम्हाला वेळच वेळ. आणि जिना उतरून गेली.

वेळच वेळ, हे मात्र तिने खरं सांगितलं. सकाळी सात ते आठ हा तास आता ताईंच्या समोर येऊन बसायचा. पूर्वी, आई असताना, तो आईचा होता. तिला उठवायचं, अंग पुसायचं, केस विंचरायचे, गोळ्या द्यायच्या, आणि हे करताना तिची किरकिर ऐकायची. आई गेल्यावर तो तास आकड्यांनी भरला. ताईंनी मुद्दामच ते काम त्या वेळी लावून घेतलं होतं. आता स्क्रिप्टने तो पुन्हा मोकळा करून दिला. ताई गॅलरीत जाऊन उभ्या राहात, आत येत, धुतलेली भांडी पुन्हा पुसत. त्यांना एकटं वाटायचं. त्याला दुसरा शब्द नाही. कुणी आपल्याला हाक मारावी, मग ती किरकिरीची का असेना, असं वाटायचं आणि दिवस तसाच पुढे सरकायचा.

आता त्या नमस्काराचं. ताईंना ते पुष्कळ दिवस कळलं नाही, आपण कळून घ्यायला हरकत नाही.

ते पान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. एका कापड कंपनीच्या शेअर खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा म्हणून त्यांनी ते पान सुरू केलं. कंपन्यांच्या नोटिसा वाचायच्या आणि आकडे स्वतः टाइप करायचे. संगणकातलं त्यांना फार येत नव्हतं. तक्त्यात ओळ घालता येत होती आणि ओळ काढता येत होती. शिवाय पान कुणी, किती वाजता उघडलं, हे एका कोपऱ्यात बघता येत होतं. बायको होती तोवर त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर बघू लागले. बघण्यासारखं काही नसायचंच. कधी एखादा चुकलामाकला यायचा. आणि मग एके दिवसापासून रोज सकाळी सातला कुणीतरी येऊ लागलं. सातच्या ठोक्याला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. खरं तर तिथेच त्यांना शंका यायला हवी होती. पण त्यांना कौतुक वाटलं. काय शिस्त आहे, म्हणाले. दोन आठवडे त्यांनी धीर गोळा केला आणि तक्त्याच्या शेवटी एक ओळ घातली: 'नमस्कार. रोज सातला येणारे, आपण कोण?'

त्या ओळीचं काय झालं ते आपण पाहिलंच.

उत्तर येण्याची सोयच त्या पानावर नव्हती, त्यामुळे उत्तर नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. येणारं रोज येत होतं, त्यांना तेवढं पुरे होतं. ते रोज सकाळी लवकर उठून सातच्या आत एक ओळ लिहीत आणि दुसऱ्या दिवशी ती काढून नवी घालत, कारण तक्ता स्वच्छ राहिला पाहिजे, ही त्यांची कचेरीतली जुनी सवय. 'आज गारठा आहे, काहीतरी अंगावर घ्या.' 'साखर कंपनीने यंदा हात वर केले, तुमच्याकडे तिचे शेअर नसोत.' 'मी पूर्वी आठपर्यंत लोळायचो. बायको ओरडायची. आता पाचलाच जाग येते आणि ओरडायला कुणी नाही.' 'तिने लावलेलं रोप गॅलरीत आहे, त्याची पानं पिवळी पडताहेत. उपाय माहीत असेल तर सांगा. सांगणार कसे म्हणा!' रोज सातला ताईंची स्क्रिप्ट तिथे जायची, ओळीत तारीख आहे का बघायची, नाही म्हटल्यावर ती सोडून द्यायची आणि आकडे घेऊन परत यायची.

पावसाळा गेला, थंडी आली आणि जायलाही लागली. एका सकाळी साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला होता. ते म्हणाले, सिमेंटच्या कंपनीने शेअरला पंचेचाळीस लाभांश दिला असं तुमची यादी म्हणते, कंपनी विकली की काय त्यांनी? अशिलाला मी काय तोंड दाखवू? ताईंनी यादी समोर ओढली. बघते म्हणाल्या आणि फोन ठेवला. स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा तपासली, ती निर्दोष होती. मग कितीतरी महिन्यांनी त्यांनी ते पान स्वतः उघडलं.

चूक पानातच होती. साडेचारचे पंचेचाळीस झाले होते, टिंब गायब. ताईंनी हायसं वाटून सुस्कारा सोडला आणि सहज खाली नजर गेली. तक्त्याच्या शेवटच्या घरात, जिथे तारीख असायला हवी, तिथे मजकूर होता.

'सातला येणारे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आकडा चुकला तर सांभाळून घ्या. पानाचं वर्षाचं भाडं भरायची वेळ आली. मुलगी म्हणते, कोण वाचतंय, बंद करा. मी तिला म्हटलं, एक जण वाचतं. तुम्ही वाचत असाल तर महिनाअखेरीच्या आत एक फोन करा, मी पान ठेवतो. नाहीतर समजेन की तिचंच बरोबर होतं.' खाली फोन नंबर.

ताईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'सातला' या शब्दाशी त्या अडखळल्या. त्यांनी स्क्रिप्ट उघडली. आपण मोठ्या अभिमानाने घातलेली ती ओळ तिथे होती. जिथे तारीख नाही, ती ओळ सोडून दे. 'नमस्कार' तेव्हा आला होता. म्हणजे तेव्हापासून. त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि त्यांना एकदम रडू फुटलं. आई गेली तेव्हाही लोकांच्या गडबडीत त्यांना असं मोकळं रडता आलं नव्हतं. घरात कुणी हाक मारत नाही म्हणून आपण भांडी पुसत बसलो, आणि हाक मारणारा रोज दाराशी येऊन जात होता.

तोंड धुऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे फार वेळ घंटी वाजली. मग एक जपून बोलणारा आवाज आला. ताईंना सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून त्यांनी कामापासून केली. तुमच्या पानावर सिमेंट कंपनीचा आकडा चुकलाय, साडेचार हवा, म्हणाल्या.

"तुम्ही सातला येणाऱ्या का?"

"हो."

"मला वाटलंच होतं, बाई असणार. एवढा वक्तशीरपणा पुरुषाला झेपत नाही."

त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. ते बोलत सुटले. मुलीला आता दाखवतोच म्हणाले. ती मला वेड्यात काढत होती. तुमच्या भरवशावर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टाइप करायला बसलो, डॉक्टर नको म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे झाडं आहेत का? त्या कुंडीचं काही सांगाल म्हणून मी फोनची वाट बघत होतो.

"कुठल्या कुंडीचं?" ताईंनी विचारलं.

"पानं पिवळी पडताहेत म्हणून लिहिलं होतं, ते नाही का?"

हो म्हणता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण रोज एकेक आकडा पारखून घ्यायची सवय असलेल्या बाईच्या तोंडून ते निघेना.

"मी वाचत नव्हते," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पान मी उघडत नव्हते. मी एक स्क्रिप्ट लिहिलीय. मशीनच समजा. ती सातला यायची, आकडे घ्यायची आणि जायची. बाकीचं ती सोडून द्यायची. मीच तसं सांगितलं होतं तिला."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो कुणी बंद केला नाही.

"सगळंच?"

"हो. आज पहिल्यांदा बघितलं. आधीच्या ओळी आहेत का हो तुमच्याकडे?"

"मी ठेवत नाही. रोजची रोज काढतो." मग ते म्हणाले, "शनिवार-रविवारी तुम्ही येत नव्हतात. मला वाटायचं, सुट्टीच्या दिवशी घर भरलेलं असेल, सवड होत नसेल."

घरात मी एकटीच असते, हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "शनिवार-रविवार बाजार बंद असतो ना."

"हो. खरंच की. बाजार बंद असतो."

त्यानंतर ते अगदी कचेरीतल्यासारखं बोलले. आकडा लगेच दुरुस्त करतो, चूक निदर्शनास आणून दिलीत, आभारी आहे. पान चालू ठेवीन, तुमच्या मशीनचं काम अडायला नको. त्यात टोमणा नव्हता, हेच ताईंना जास्त लागलं. फोन ठेवून झाल्यावर त्यांनी पान पुन्हा उघडलं. पंचेचाळीसचे साडेचार झाले होते. खालची ओळ नव्हती.

ताईंनी स्क्रिप्टमधून ती सोडून देणारी ओळ पुसून टाकली. आता तक्त्यात एक अक्षर जरी जास्तीचं आलं असतं, तरी लाल अक्षरं उमटली असती. दुसऱ्या दिवशी सातला त्या पडद्यासमोर बसल्या. यादी बिनबोभाट आली. तिसऱ्या दिवशीही आली. हिशेबाच्या कामात जिचं सगळं आयुष्य गेलं, ती बाई रोज सकाळी काहीतरी चुकावं म्हणून वाट बघत बसायची. काही चुकत नव्हतं. आकडे टिंबासकट बरोबर, तारखा बरोबर. साहेबांनी तर एकदा शाबासकीही दिली. फोन हातात घेऊन त्यांनी तो नंबर एकदोनदा काढला, पण सांगणार काय? मशीन नीट चाललंय म्हणून?

मग रविवार आला. पाऊस नाही, ऊन नाही, असला नुसता पांढरा दिवस. चहा झाल्यावर ताईंनी स्क्रिप्टला हातही न लावता ते पान उघडलं. शुक्रवारचाच तक्ता होता. असणारच. त्यांनी बंद केलं. केर काढला आणि पुन्हा उघडलं. आंघोळ करून आल्यावर ओल्या केसांनी उघडलं. भाजी चिरताना उघडलं, तेव्हा बोटाचं पाणी बटणांवर सांडलं, ते पदराने पुसलं आणि लगेच पुन्हा उघडलं. आपण हे काय चालवलंय, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण मशीन असा वेळीअवेळी चाळा करत नाही, सुट्टीच्या दिवशी तर मुळीच नाही, आणि हे कळण्याइतके ते गृहस्थ शेअर खात्यात मुरलेले होते. पान कोण, कधी उघडतं ते अजून त्या कोपऱ्यात बघत असले तर. आता बघणं सोडून दिलं असलं तर प्रश्नच मिटला.

जेवण झालं. शेजारणीकडे पाहुणे आले, जिन्यात हसणं झालं, दार लागलं. ताईंनी उघडलं, बंद केलं. डोळ्यांवर झापड येत होती तरी त्या आडव्या झाल्या नाहीत. चारचा चहा त्यांनी पडद्यासमोर बसूनच घेतला आणि रिकामा कप बाजूला सारून पुन्हा उघडलं.

शुक्रवारच्या तक्त्याखाली एक ओळ वाढली होती. 'आज रविवार आहे. बाजार बंद असतो.'

ताईंनी ती वाचली. मग, वाचल्याचं पलीकडे कळावं म्हणून, पान पुन्हा एकदा उघडलं.